रामेन खायला मुंबईला (नाहीतर टोकियोला) निघालात? कोकणातून नेहमी येणारे प्रश्न

अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतच्या मंडळींकडून रामेनबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. कामाला, कॉलेजला किंवा लेकीकडे मुंबईला जाणाऱ्यांना त्यातली बहुतेक पुरतील. जपानला निघालेल्यांसाठी वेगळे प्रश्न शेवटाकडे आहेत.

रामेन म्हणजे मोठ्या वाडग्यातली मॅगीच ना?

नाही. नात्यातली आहे, एवढंच. मोमोफुकू आंदो यांनी १९५८ साली जपानमध्ये झटपट नूडल्स बाजारात आणल्या, त्या तळून वाळवलेल्या होत्या. रामेनची दुकानं त्याच्या कितीतरी आधीची आहेत. टोकियोच्या आसाकुसा भागातलं राइराइकेन १९१० साली सुरू झालं होतं. चिनी पद्धतीच्या गव्हाच्या नूडल्स आणि जपानी चवीचा रस्सा, अशी ही जोडी.

मग वाडग्यात नेमकं असतं काय?

पाच गोष्टी, आणि पाचही वेगवेगळ्या तयार होतात. ऑर्डर आली की दोन-तीन मिनिटांत त्या वाडग्यात एकत्र येतात.

तळाशी जातं ते ‘तारे’. हे खारट, दाट मसालापाणी असतं. एका वाडग्याला साधारण ३० मिली, म्हणजे दोन मोठे चमचे. मिठाची सगळी चव यातूनच येते. त्यावर १५-२० मिली सुगंधी तेल किंवा चरबी. मग ३०० ते ३५० मिली कढत रस्सा, ज्यात स्वतःचं मीठ जवळजवळ नसतं. त्यात उकळून, पाणी झटकलेल्या नूडल्स, कच्च्या वजनाने १३० ते १५० ग्रॅम. सगळ्यात वर मांसाचे काप, मुरवलेलं अंडं, कांद्याची पात, बांबूचे आंबवलेले कोंब, नोरी हा समुद्री शेवाळाचा कागद, असं काय काय.

नूडल्स पिवळ्या दिसतात म्हणून त्यात अंडं असेल असं अनेकांना वाटतं. बहुतेक वेळा नसतं. पिठात ‘कान्सुई’ नावाचा क्षार घालतात, म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट. त्याने गव्हाचं पीठ पिवळं पडतं आणि नूडल्स चिवट, लवचिक होतात. काही ठिकाणी अंडंही घालतात, तेव्हा चालत नसेल तर विचारून घ्या.

मेन्यूतली नावं कशी लावायची?

शिओ, शोयू आणि मिसो ही नावं ‘तारे’वरून पडली आहेत. शिओ म्हणजे मिठाचं. हे सगळ्यात हलकं आणि रस्सा निवळ. शोयू म्हणजे सोया सॉसचं, रंगाने तपकिरी. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं, दाट आणि भरभक्कम. मिसो रामेन उत्तरेकडच्या साप्पोरो शहरात १९५०च्या दशकात तयार झालं. थंडी तिथली जबरी, त्यामुळे रश्शावर चरबीचा थर, मका आणि लोणी.

टोनकोत्सु हे नाव मात्र रश्शावरून आलंय. डुकराची हाडं मोठ्या आचेवर बारा-बारा, अठरा-अठरा तास खळखळून उकळतात. हाडांतली मज्जा आणि चरबी पाण्यात अशी घुसळली जाते, की रस्सा दाट पेजेसारखा पांढरट होतो. १९३७ साली जपानच्या क्युशू बेटावरच्या कुरुमे शहरात याची सुरुवात झाली आणि त्याच बेटावरच्या हाकाता भागाने तो गाजवला. तसाच पांढरा रस्सा कोंबडीच्या हाडांचा केला की त्याला ‘तोरी पाइतान’ म्हणतात. मुंबईत अनेक ठिकाणी तो ‘चिकन पाइतान’ या नावाने मिळतो.

तानतानमेन म्हणजे तिळाची पेस्ट आणि मिरचीचं तेल घातलेलं. त्यावर बहुतेक वेळा खिमा असतो.

आमच्याकडे डुक्कर चालत नाही. चिकन रामेन मागवलं की झालं ना?

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. मेन्यूवरचं ‘चिकन’ हे पुष्कळदा वाडग्याच्या वर ठेवलेल्या कापांबद्दल असतं. खालचा रस्सा डुकराच्या हाडांचा असू शकतो. मेन्यूवरच्या फोटोत तर फक्त वरचं दिसतं. म्हणून वर काय आहे यापेक्षा खाली काय आहे ते आधी विचारायचं. तीन प्रश्न पुरतात:

रस्सा कशाच्या हाडांचा आहे?
‘तारे’त मासा किंवा मांस आहे का?
वरचं तेल कशाचं आहे?

तिसरा प्रश्न विचारायला बहुतेक लोक विसरतात. रस्सा कोंबडीचा, काप कोंबडीचे, आणि वर सोडलेली चमचाभर चरबी डुकराची, असंही होतं. वेटरला माहीत नसेल तर त्याला आत विचारायला पाठवा. रामेनच्या दुकानात हा प्रश्न रोजचा आहे, कुणी नाक मुरडत नाही. उत्तर ‘बहुतेक चिकनच असेल’ असं आलं, तर ते उत्तर नव्हे.

सगळ्यात निर्धास्त पर्याय म्हणजे चिकन शिओ किंवा चिकन पाइतान, त्यावर चिकनचेच काप आणि तिळाचं तेल. ‘चाशू’ या शब्दापाशी थांबून विचारा. जपानमध्ये चाशू म्हणजे सहसा डुकराचं मांस. मुंबईत चिकन चाशूही करतात.

आणि गाईचं मांस?

महाराष्ट्रात २०१५च्या कायद्यापासून गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. इथल्या मेन्यूवर ‘बीफ’ लिहिलेलं असेल तर ते म्हशीचं. जपानमध्ये बीफ म्हणजे गोमांसच.

हलाल मिळेल का?

मुंबईत चिकन हलाल असतं असं सांगणारी ठिकाणं आहेत. पण त्याच स्वयंपाकघरात डुकराचं मांस शिजत असेल, तर नूडल्स उकळायचं पाणी, झारे आणि कापायचा पाट सामायिक असतो. दुसरी अडचण दारूची. ‘तारे’त मिरिन (स्वयंपाकातली गोडसर तांदळाची दारू) आणि साके (तांदळाची दारू) घालायची पद्धत आहे. मिरिनमध्ये जवळपास १४ टक्के अल्कोहोल असतं. ते उकळतात, पण घातलेलं असतंच. रत्नागिरी, म्हसळा, श्रीवर्धनच्या ज्या मंडळींना हे चालत नाही, त्यांनी ज्या दुकानात डुकराचा पदार्थच नाही असं दुकान निवडावं आणि मिरिनचं वेगळं विचारावं.

आज वार आहे. शाकाहारी रामेन खरंच शाकाहारी असतं का?

मुंबईत चांगलं शाकाहारी रामेन मिळतं. कोम्बू हे समुद्री शेवाळ, वाळवलेले शिताके मशरूम, कांदा-गाजर-कोबी आणि कधी दाटपणासाठी सोयाबीनचं दूध, असा त्याचा रस्सा असतो. मांस नाही म्हणजे बेचव, असा समज करून घेऊ नका. १९०८ साली किकुनाए इकेदा या शास्त्रज्ञांनी ज्या चवीला ‘उमामी’ म्हटलं, ती त्यांनी कोम्बूतूनच शोधली होती. वाळवलेल्या शिताकेने ती आणखी खुलते.

गोम आहे ती वेगळीच. जपानी स्वयंपाकात मासा हा मांसाहारात न धरता नेहमीच्या मसाल्यासारखा वापरतात. ‘दाशी’, म्हणजे जपानी पायाचा रस्सा, म्हटलं की त्यात कात्सुओबुशी, म्हणजे धुरावलेल्या कुप्याच्या जातीच्या माशाचा कीस असू शकतो. किंवा निबोशी, म्हणजे उकडून वाळवलेले मांदेली-तारलीच्या जातीचे छोटे मासे. म्हणून शाकाहारी वाडग्याबद्दलही विचारा: दाशी कशाची, ‘तारे’त मासा आहे का, वरच्या मिरचीच्या तेलात वाळवलेली कोळंबी आहे का. किमची (कोबीचं आंबवलेलं कोरियन लोणचं) घातली असेल तर तिचंही विचारा. त्यातही बऱ्याचदा कोळंबी किंवा फिश सॉस असतो.

नूडल्स उकळायचं भांडं मात्र बहुतेक ठिकाणी एकच असतं. त्यात नुसत्या नूडल्सच जातात, मांस नाही. एवढं चालत असेल तर हरकत नाही. श्रावणातला सोमवार काटेकोर पाळणाऱ्याने पूर्ण शाकाहारी हॉटेल गाठावं हे बरं.

जैन, किंवा कांदा-लसूण नको?

सहसा जमत नाही. रस्सा, तेल, ‘तारे’ सगळीकडे कांदा-लसूण-आलं असतं. ते नंतर वेगळं काढता येत नाही.

मासे आणि कोळंबीची ॲलर्जी आहे.

तोंडी विचारपूस करून भागणार नाही. ऑर्डर देण्याआधीच सांगा आणि स्वयंपाकघरातून खात्री करून घ्या. चिकनच्या रश्शातही अनेकदा माशाचा रस्सा मिसळतात. याशिवाय जवळजवळ प्रत्येक वाडग्यात गहू आणि सोया असतोच, तीळ आणि अंडं बहुतेकांत. गव्हाची ॲलर्जी असणाऱ्याला नूडल्स तर नाहीतच, पण सोया सॉसही नाही, कारण त्यातही गहू असतो.

तिखट असतं का? मालवणी मसाल्याची सवय असलेल्याला मिळमिळीत लागेल?

पहिल्या घोटाला कदाचित वाटेल. रामेनची मजा तिखटात नाही, रश्शाच्या खोलीत आणि खारटपणात आहे. तिखटच हवं असेल तर तानतानमेन किंवा तिखट मिसो मागवा. टेबलावर मिरचीचं तेल आणि सात मसाल्यांची ‘शिचिमी’ पूड असते. पण आधी तीन-चार चमचे रस्सा तसाच प्या. आल्या आल्या तेलाची बाटली उपडी केली की शिओ काय आणि शोयू काय, सगळं एकच लागतं.

किती वाजता जावं? आधी जागा राखून ठेवावी लागते का?

साध्या रामेनच्या दुकानात सहसा राखीव जागा नसते. दारात नाव लिहून घेतात. शनिवारी-रविवारी रात्री साडेआठनंतर अर्धा-पाऊण तास ताटकळावं लागतं. दुपारी बाराला उघडतं तेव्हा किंवा संध्याकाळी सात-साडेसातला गेलात तर लगेच जागा मिळते. मधल्या वेळेत, म्हणजे साडेतीन ते सातच्या दरम्यान, पुष्कळ ठिकाणी स्वयंपाकघर बंद असतं.

गाडीचं गणित असं. कोकणकन्येने आणि तुतारीने येणारे पहाटे-सकाळी उतरतात, तेव्हा रामेन दुपारचंच. रात्रीच्या कोकणकन्येने परतायचं असेल तर साडेसातला बसा, नऊपर्यंत उठा. वांद्र्याहून किंवा लोअर परळहून सीएसएमटीला पोचायला एक तास हाताशी ठेवा, त्यातही रविवारी लोकलचा मेगाब्लॉक आधी बघा. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्यांच्या वेळा बदलतात, तेही पाहा. मांडव्याच्या बोटीने परतणाऱ्या अलिबागकरांनी दुपारचं जेवणच धरावं. पावसाळ्यात गेटवेच्या साध्या बोटी बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो.

सामान घेऊन गेलं तर चालेल का?

खांद्यावरची पिशवी चालेल. दुकानं अरुंद असतात, दोन उंच स्टुलांच्या मध्ये जेमतेम कोपर मावतं. मोठी बॅग सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये ठेवा, तिला कुलूप मात्र लागतं. आंब्याच्या पेटीला कुलूप नसतं, म्हणून मे महिन्यात ती आधी ज्यांची त्यांना पोचवा आणि मग रामेनचं बघा. सुक्या मासळीची पिशवी घेऊन वातानुकूलित दुकानात शिरू नये हे वेगळं सांगायला नको.

माणशी किती खर्च येतो?

मुंबईत एका वाडग्याला साधारण ५०० ते ९०० रुपये धरा. जास्तीचं अंडं, जास्तीचे काप, जास्तीच्या नूडल्स यांचे पैसे वेगळे. त्यावर साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के जीएसटी. बिलात सेवा शुल्क लावलं असेल तर ते ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलला ते बिलात आपोआप जोडता येत नाही. नको असेल तर काढायला सांगा.

पाणी मागताना ‘साधं पाणी’ असं स्पष्ट म्हणा, नाहीतर विकतची बाटली उघडली जाते आणि बिलात चढते.

चौघांत दोन वाडगे घेतले तर चालेल?

मुंबईत चालतं. जास्तीच्या वाट्या देतात. पण वाटून घेतलं की रस्सा निवतो आणि नूडल्स फुगतात, तेव्हा वाटणी आल्या आल्या करा. चौघांत दोन वाडगे आणि सोबत ग्योझा, म्हणजे तव्यावर भाजून वाफवलेल्या करंजीच्या आकाराच्या मोमोंची एक प्लेट, हे प्रमाण पोटभर होतं. टोकियोच्या काउंटरवर मात्र माणशी एक वाडगा हा नियमच आहे.

चॉपस्टिक जमत नाहीत.

काटा मागा. लाजायचं कारण नाही, दुकानं ठेवतात. शिकायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा: खालची काडी हलत नाही. ती अंगठ्याच्या बेचक्यात आणि अनामिकेच्या टोकावर टेकवून घट्ट धरायची. वरची काडी पेन धरतो तशी, आणि हलवायची तीच. दोन्हींची टोकं एका पातळीत हवीत, नाहीतर पकड सुटते. टोकं पुढेमागे झाली तर काड्या वाडग्यावर ठोकू नका, बोटांनीच सरकवून नीट करा.

नूडल्स उचलताना हाव नको. पाच-सहा दोरे पुरे. जास्त उचलल्या की गुंता वर येतो आणि रस्सा शर्टावर उडतो. डाव्या हातात खोलगट चमचा धरा, तो ओठांखाली ठेवला की शिंतोडे त्यात पडतात.

काड्या नूडल्समध्ये उभ्या खोचून ठेवू नका, आणि एकाच्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत घास देऊ नका. दोन्ही गोष्टी जपानी अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत. मुंबईत कुणी काही म्हणणार नाही, जपानी माणूस शेजारी असेल तर त्याला मात्र खटकेल.

आवाज करत भुरके मारायचे म्हणतात, ते खरं का?

खरं. नूडल्स ओढताना सोबत हवा आत येते. त्याने घास थोडा निवतो आणि रश्शाचा वास घशातून नाकात चढतो, म्हणजे चव वाढते. जपानमध्ये यात असभ्य काही नाही. जमत नसेल तर गप्प खा, सक्ती नाही.

वाडगा समोर आला. आता काय करायचं?

फोटो काढायचा तर एकच. मग चमचा बुडवून रस्सा प्या, पण आधी फुंकर मारा. मिसो किंवा चरबीचा थर असलेल्या वाडग्यातून वाफ फारशी दिसत नाही, कारण थर ती अडवतो. निवलंय असं वाटतं आणि जीभ पोळते.

त्यानंतर काड्यांनी तळातून नूडल्स एकदा वर ओढा, म्हणजे ‘तारे’ आणि रस्सा नीट मिसळतो. पुढे थोड्या नूडल्स, थोडा रस्सा, वरचं काहीतरी, असं आलटून पालटून. नोरी लवकर खा किंवा तिच्यात नूडल्स गुंडाळून खा. रश्शात राहिली की तिचे चिंधोटे होतात. मांसाचा काप थंड वाटला तर दोन मिनिटं रश्शाखाली दाबून ठेवा. अंडं मध्यावर खाल्लेलं चांगलं, त्याचा बलक रश्शात फुटला की रस्सा दाटतो. तो मुद्दाम फोडायचा की जपायचा, यावर खाणाऱ्यांत दोन तट आहेत.

अर्ध्यात नूडल्सचा लगदा झाला. दुकानाची चूक का?

बहुतेक वेळा गप्पांची. उकळलेल्या नूडल्स रश्शात पडल्यावरही पाणी पीत राहतात. हाकाता पद्धतीच्या बारीक, सरळ नूडल्सच्या पिठात पाणी कमी असतं, सुमारे २६ ते २८ टक्के. म्हणून त्या रस्सा भराभर शोषतात. त्या पाच-सात मिनिटांतच उत्तम लागतात. जाड, नागमोडी नूडल्स जास्त ओल्या पिठाच्या असतात, त्या जास्त वेळ टिकतात. गप्पा मारत खायचं असेल तर मिसोसारखं जाड नूडल्सचं रामेन मागवा.

वाडगा आला तेव्हाच नूडल्स मऊ असतील, तर ती दुकानाची चूक. तेव्हा लगेच सांगा, अर्धं संपवून नव्हे.

‘नूडल्स कशा हव्यात?’ असं विचारतात, काय सांगू?

पहिल्या वेळी ‘नेहमीच्या’. बारीक नूडल्स असतील तर थोड्या कडक मागवा, म्हणजे शेवटपर्यंत टिकतील. हाकाता पद्धतीच्या दुकानात ‘काएदामा’ मिळतं, म्हणजे उरलेल्या रश्शात नूडल्सची दुसरी भर. त्यासाठी सगळा रस्सा आधी पिऊन टाकायचा नाही, आणि वाडग्यात दोन घास शिल्लक असतानाच ऑर्डर द्यायची. नव्या नूडल्सने रस्सा पातळ आणि अळणी होतो, तेव्हा टेबलावरचं ‘तारे’ थोडं घाला.

अंडं आतून कच्चं दिसतं, ते खावं का?

ते कच्चं नसतं, अर्धवट शिजलेलं असतं. साडेसहा-सात मिनिटं उकळून बर्फाच्या पाण्यात टाकतात, मग सोलून सोया सॉसच्या पाण्यात काही तास मुरवतात. पांढरा भाग घट्ट, बलक मधासारखा. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी पूर्ण उकडलेलं मागा किंवा वगळा.

लहान मुलं आणि आजी-आजोबा सोबत आहेत.

काउंटरऐवजी टेबल मागा, उंच स्टूल गुडघ्यांना सोसत नाही. मुलांसाठी चिकन शिओ, मिरचीचं तेल न घालता. नूडल्स रिकाम्या वाटीत काढून कात्रीने कापून द्या. कात्री मागितली तर बहुतेक ठिकाणी मिळते. कढत वाडगा मुलाच्या हाताच्या टप्प्यात ठेवू नका.

रक्तदाब आहे. खाल्लं तर चालेल?

मीठ जास्त असतं हे खरं. रश्शासकट पूर्ण वाडग्यात ५ ते ७ ग्रॅम मीठ सहज भरतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत राहण्याचा आहे. त्यातलं बरंचसं रश्शात असतं. म्हणून नूडल्स खा, रस्सा ठेवा. रस्सा टाकणं म्हणजे अपमान, असं काही नाही. डॉक्टरांनी मीठ बंद केलं असेल तर रामेन नकोच.

मे महिन्याच्या घामात कढत रस्सा कोण पिणार?

त्सुकेमेन मागवा. नूडल्स उकळून गार पाण्यात धुतलेल्या असतात आणि दाट रस्सा वेगळ्या वाटीत येतो. घास बुडवून खायचा. हा प्रकार काझुओ यामागिशी यांनी १९५५ साली टोकियोत मेन्यूवर आणला. शेवटी उरलेला रस्सा फार खारट असतो. त्यात गरम दाशी घालून पितात, मागितली की आणून देतात. रस्साच नको असेल तर माझेसोबा: तळाशी ‘तारे’ आणि तेल, वर नूडल्स, सगळं कालवून खायचं.

टोकियोत दारातच एक यंत्र असतं म्हणे. ते कसं वापरायचं?

ते तिकिटाचं यंत्र. आधी पैसे घाला, मगच बटणं उजळतात. भाषा कळत नसेल तर सगळ्यात वरचं डावीकडचं बटण दाबा, तिथे सहसा दुकानाचा मुख्य पदार्थ असतो. अर्थात डुक्कर चालत असेल तरच. मग तिकीट घ्या आणि सुट्टे पैसे आपोआप आले नाहीत तर परतीचा दांडा किंवा बटण दाबा. मागे रांग असते, म्हणून मेन्यू बाहेरच ठरवून ठेवा. तिकीट काउंटरवर ठेवलं की ऑर्डर गेली.

बऱ्याच यंत्रांना रोख लागते, हजार येनच्या नोटा बाळगा. ३ जुलै २०२४ला जपानने नव्या नोटा आणल्या आणि काही जुनी यंत्रं त्या घेत नाहीत. दोन्ही प्रकारच्या नोटा असलेल्या बऱ्या. एक वाडगा साधारण ८०० ते १२०० येनला पडतो, आणि हजार येन म्हणजे साडेपाचशे-सहाशे रुपये.

पिशवी स्टुलाखालच्या टोपलीत ठेवा. पाणी फुकट असतं, ते आपलं आपण ओतून घ्यायचं. खाऊन झालं की वाडगा समोरच्या फळीवर उचलून ठेवा, काउंटर पुसा आणि ‘गोचिसोसामा देश्ता’ (जेवणाबद्दल आभार) म्हणून उठा. पंधरा-वीस मिनिटांत जागा मोकळी करणं अपेक्षित असतं. टीप देत नाहीत. रस्सा संपला की वेळेआधीच दुकान बंद होतं, म्हणून उशिरा जाऊन नशीब आजमावू नका.

‘जिरो’ असं नाव दिसलं तर जपून. १९६८ साली सुरू झालेली ही टोकियोची पद्धत म्हणजे भाज्या, चरबी आणि लसूण यांचा डोंगर. तिथल्या साध्या वाडग्यातच नूडल्स दुपटीच्या आसपास असतात. पहिल्यांदाच ‘मोठं’ मागवून अर्धं टाकणाऱ्याकडे तिथे बरं बघत नाहीत.

जपानमध्ये शाकाहारी माणसाने काय करावं?

साध्या दुकानात ‘भाज्यांचं रामेन’ मागून भागत नाही, त्याचाही रस्सा डुकराचा किंवा माशाचाच असतो. खास व्हीगन दुकान शोधा. टोकियो स्टेशनच्या तिकीट फाटकांच्या आत, केइयो स्ट्रीटवर ‘टीज तानतान’ आहे, तिथे सगळंच वनस्पतीजन्य. आत जायला गाडीचं तिकीट किंवा फलाटाचं तिकीट लागतं.

घरच्यांसाठी चिपळूणला पार्सल न्यायचंय.

नका नेऊ. मुंबईतल्या मुंबईत न्यायचं तर रस्सा, नूडल्स आणि वरचं सामान वेगळं बांधायला सांगा, नूडल्स अर्ध्या कच्च्या. अर्ध्या-पाऊण तासात खायला हवं. पाच-सहा तासांच्या प्रवासात हाडांचा रस्सा उकाड्यात नासतो आणि अर्धवट शिजलेलं अंडं तर दोन तासांपलीकडे बाहेर ठेवूच नये.

मग गावी घरीच करता येईल का?

टोनकोत्सुच्या वाटेला जाऊ नका, गॅस सिलिंडर संपेल. निबोशीच्या धर्तीवरचा रस्सा मात्र कोकणात सहज जमतो. १ लिटर पाण्याला ३० ग्रॅम सुकी मांदेली घ्या. खारवलेली नको. डोकी आणि पोट काढून टाका, कडवटपणा तिथून येतो. रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा, खळखळू देऊ नका, आणि गाळा. आपली मांदेली कच्चीच उन्हात वाळवतात, निबोशी आधी उकडतात, म्हणून आपल्या रश्शाला वास उग्र येतो. आल्याचे दोन काप आणि पातीचा कांदा घातला की तो आवरतो.

‘तारे’साठी वाडग्यामागे दोन मोठे चमचे सोया सॉस. पण बाजारातला काळा, दाट ‘डार्क’ नको, हलका घ्या, आणि आधी दीड चमचा घालून चव बघा. वर चमचाभर तेलात परतलेली लसूण, तेलासकट.

रामेनच्या नूडल्स मिळाल्या नाहीत तर बारीक स्पॅगेटी चालते. १ लिटर उकळत्या पाण्यात खाण्याचा सोडा दोन छोटे चमचे. सोडा चिमटीचिमटीने घाला आणि टोप मोठा घ्या, नाहीतर फेस उतू जाऊन शेगडी विझते. सोड्याच्या पाण्यात स्पॅगेटी पिवळी आणि लवचिक होते. शिजली की गाळून एकदा गरम पाण्याने धुवा, नाहीतर साबणासारखी चव राहते. मग चाळणी जोरात चार-पाच वेळा झटका. राहिलेलं पाणी रश्शात गेलं की तो अळणी होतो, आणि घरच्या रामेनची तक्रार नव्वद टक्के वेळा हीच असते.